स्लॅबचं मटण

आमच्या शाळेला सरकारनं दोन खोल्या मंजूर केल्या. गाव मुखेड तालुक्यातलं, कामाचं कंत्राट घेणारा गुत्तेदार लातूरचा. गुत्तेदारानं कामावर पूर्ण वेळ इंजिनिअर ठेवावा, असं करारात होतं. त्यानं उदगीरची एक मुलगी कागदापुरती ठेवली आणि यायची गरज नाही म्हणून सांगितलं. ती बॅग घेऊन आली आणि माझ्याकडे भाड्यानं राहिली. पगार घेते तर येते, म्हणाली. गुत्तेदाराचं तोंड कडू झालं.

स्लॅब पडला, म्हणजे ओतून झाला, की मजुरांना मटणाचं जेवण द्यायचं, अशी रीत आहे. ते शिजवायला मला सांगितलं होतं. सकाळी मी चूल पेटवली. तिकडे शाळेवर काँक्रीटचा मिक्सर आला, मुकादमानं नारळ फोडला आणि मुलगी म्हणाली, "सुरू करायचं न्हाई."

सरकारी साहेबानं लोखंड बघितल्याशिवाय स्लॅब टाकता येत नाही, आणि साहेब आलेच नव्हते. शिवाय सळया खालच्या फळ्यांना टेकल्या होत्या. मध्ये सिमेंटचे ठोकळे लागतात, नाहीतर सळई उघडी राहून गंजते; ते कुणी ठेवलेच नव्हते.

"साहेब फोनवर हो म्हणालेत," गुत्तेदार म्हणाला.

"फोनवर सळई दिसती का?"

"मग उद्यापासून येऊ नका, मॅडम."

तिचा चेहरा उतरला. ही नोकरी सुटली की घरचे लग्न लावून मोकळे होणार, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं. तरी ती मिक्सरपुढून हलली नाही.

गुत्तेदार माझ्याकडे वळला. "काकू, तुम्ही तरी समजवा हिला."

"मी कशाला समजवू? माझी नात त्याच खोलीत बसणार हाय. अन् मटण शिजलंय. ते काय साहेबासाठी थांबत न्हाई."

मजूर जेवायला बसले. पहिला घास घेऊन मुकादम म्हणाला, "मालक, हे स्लॅबच्या हिशेबात धरू नका. स्लॅब पडलाच कुठं?" सगळे हसले. गुत्तेदार हसला नाही. मुलगी मटण खात नव्हती, तिला पिठलं-भाकरी दिली. ती ताटाकडे नुसती बघत बसली.

दोन दिवसांनी साहेब आले. त्यांनी आधी ठोकळे ठेवून घेतले.

"ह्या मॅडमला काढलंय आम्ही," गुत्तेदार म्हणाला.

"काढा की. दुसरा इंजिनिअर आणून उभा करा, तोवर काम बंद."

गुत्तेदारानं भाड्याच्या मिक्सरकडे बघितलं. "गंमत केली, साहेब."

संध्याकाळपर्यंत स्लॅब पडला. मी पुन्हा मटण शिजवलं. ह्या वेळी मुलगी पिठल्यासंगं दोन भाकरी जेवली आणि आईला फोन करून म्हणाली, पाहुण्यांना बोलवू नका, मला काम हाय.

दुसऱ्या खोलीच्या स्लॅबच्या दिवशी मुकादम सकाळीच दारात आला. "मॅडम, दोन-चार ठोकळे काढून ठेवू का? मटण दोनदा होईल का, पोरं विचारायलेत."

तिनं त्यालाच वर चढवून एकेक ठोकळा दाखवायला लावला.