फ्रान्सिसची 'मावली'

भुताखेतांवर माझा अजिबात विश्वास नाही. आमच्या कोकणातल्या यच्चयावत भुतांची मी आयुष्यभर टिंगलच केली. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहितेच.

साल शहाऐंशी-सत्त्याऐंशी. अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रामर होते. मशीनला एसी, आणि काचेबाहेर आम्ही घामाघूम. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. घाटकोपरचं घर माझ्या पगारावर चालायचं.

शेजारच्या टर्मिनलवर फ्रान्सिस बसायचा. मरोळ गावठाणातला, घरी मराठीच बोलणारा. प्रोग्राम ज्यात टाइप करायचा, त्या एडिटरच्या कमांड म्हणजे नुसती तुटकी अक्षरं, डोक्यात राहायची नाहीत. फ्रान्सिसने त्यांना आपली नावं देऊन टाकली होती — इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपले. ओळ उडवायची तर 'फुट'. सेव्ह करून बाहेर पडायचं तर 'चलघरी'. आणि लाइट जाऊन काम बुडालं, तर ते परत आणायला 'मावली' — म्हणजे त्याची मोत मावली, वांद्र्याच्या डोंगरावरची मेरी माता. ही नावं मशीनवरच्या त्याच्या खात्यातल्या एका फाइलमध्ये होती आणि मीही तीच वापरायचे. मूळ कमांड शिकायचे कष्ट कोण घेतो?

"शुभा, मी नसलो ना, तर तुझी वाट लागेल," तो म्हणायचा.

आणि तो खरंच गेला. कावीळ झाली, बघता बघता गेला. साहेबांनी त्याचं खातं पुसायला लावलं, त्याबरोबर नावंही गेली. सवयीने 'फुट' मारलं की स्क्रीनवर यायचं — 'नॉट फाउंड'. मॅन्युअल उघडून मी रडतखडत सगळं पहिल्यापासून शिकले.

एका दुपारी मी काम करत असताना लाइट गेली. परत आली, मशीन सुरू झालं, मी फाइल उघडली... रिकामी! टेपवर कॉपी शनिवारी व्हायची आणि माझं काम त्यानंतरचं. संध्याकाळी क्लायंट येणार होता.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "दाखवायला काही नसेल ना, तर उद्यापासून येऊ नकोस. सरळ सांगतो."

मॅन्युअलमधली कमांड दिली. काही नाही. पुन्हा दिली. पुन्हा... बाबांना काय सांगू, एवढंच डोक्यात. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं, शेवटी मी 'मावली' टाइप केलं. चालणार नाही हे माहीत असून. वर पुटपुटलेसुद्धा, "फ्रान्सिस, बघ ना रे काहीतरी."

'नॉट फाउंड' आलं नाही. कर्सर थांबला, आणि मग ओळी उमटायला लागल्या... माझ्याच, शेवटच्या अर्धवट ओळीपर्यंत. मी हात कीबोर्डवरून काढून मांडीत घेतले होते. तरी खाली एकेक अक्षर उमटलं — 'चलघरी'. फाइल सेव्ह झाली, एडिटर बंद झाला.

नोकरी वाचली. मशीन सांभाळणारा म्हणाला, "जुनी कॉपी कुठेतरी राहिली असेल यार." असेलही. पण नावांची फाइल त्याने स्वतः शोधली, ती नव्हती. आणि शेवटचा शब्द कोणी टाइप केला असं विचारलं, तर तो टेप बदलायला निघून गेला.

रविवारी मी मरोळला फ्रान्सिसच्या आईला भेटायला गेले. ऐकून तिने माझा हात घट्ट धरला. "पोरी, परत त्याला हाक मारू नको गो. लय दमला होता तो. निजू दे त्याला."

मी हो म्हटलं. पण राहवलं नाही. सोमवारी काही बुडालं नव्हतं, काही अडलं नव्हतं... तरी 'मावली' टाइप केलं. नुसतं तो आहे का, ते बघायला.

'नॉट फाउंड'.

परत केलं. परत केलं. त्याच्या खुर्चीत नवा माणूस बसला होता, त्याच्यासमोरच मी हमसून हमसून रडले. दफनाच्या दिवशी मला रडू आलं नव्हतं.

त्या सोमवारी मला कळलं, की फ्रान्सिस गेला.