शेजारच्या ओसरीवरची तारीख

आमच्या शेजारच्या वकिलांइतका उपद्रवी सज्जन अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. अमरावतीच्या कचेरीत त्यांचं कुणी फारसं ऐकत नसे, म्हणून की काय, ते घरच्या ओसरीवर स्वतःचं कोर्ट भरवत. कायदा एकच: आळीतल्या कोणत्याही पोरानं त्यांच्या ओसरीच्या खांबाला हात लावला, की सुनावणी होईपर्यंत त्याला मारायचं नाही. सख्ख्या बापानंसुद्धा नाही! बापानं वहाणा आणि छडी पायरीखाली ठेवायची, वर येऊन गुमान बसायचं. अंजनगावहून आलेले पक्षकार ताटकळत असत आणि हे गृहस्थ पोराच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवून विचारत, "सांग बाप्पा, काय झालं?"

मी पेशानं मास्तर. शाळेत माझ्या छडीला कधी कुणी हरकत घेतली नाही, आणि घरी मात्र पोटच्या पोराला एक धपाटा घालायची सोय नाही! आमचा दत्तू गुन्हा करायच्या आधीच खांबाकडची वाट मोकळी आहे ना, ते पाहून ठेवी. एकदा घरी पाहुणे आलेले असताना त्यानं वासरू सोडलं आणि वासरानं गाईचं सगळं दूध पिऊन टाकलं. मी फुंकणी घेऊन धावलो, तर हा ओसरीवर हजर. मी ओरडलो, "यानं दुधाची नासाडी केली!" वकिलांनी सावकाश चष्मा पुसला. "नासाडी कशी जी, मास्तर? वासराचं दूध वासरू प्यालं. उलट रोज तुमीच त्याच्या तोंडचं काढून घेता. त्यानं फिर्याद केली त काय कराल?" पक्षकार खो खो हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, आमच्या वडिलांनी आम्हाला बडवलं, म्हणून आम्ही माणसांत आलो!"

"माणसांत आले? मंग फुंकनी घेऊन लेकराच्या मांगं कावून धावून राहिले? फाशीवाल्यालेबी नागपूरले अपील असते. या लेकरानं कोठी जावं?"

बरं, निकाल तरी द्यावा! छे. "रविवारची तारीख," म्हणायचे. रविवारी त्यांचं जेवण, मग वामकुक्षी, मग पुढची तारीख. तोवर माझा राग निवून जाई आणि दत्तू नव्या गुन्ह्याला मोकळा. वैतागून बायकोला म्हटलं, आपण घर बदलू. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी आणि दत्तू इथंच राहतो."

गेल्या थंडीत वकील न्युमोनियानं गेले. वकिलीणबाई भावाकडे अकोल्याला गेल्या, दाराला कुलूप लागलं. आळीतल्या बापांना रान मोकळं झालं.

परवा दत्तूनं माझ्या वडिलांचं घड्याळ पाडून फोडलं. एवढी एकच आठवण होती त्यांची. या खेपेला मी खरोखर मारणार होतो. छडी उचलली तसा तो पळाला, आणि त्या बंद घराच्या ओसरीवर खांबाला मिठी मारून उभा राहिला. मी पायरीपाशी पोचलो. वर कुणीच नव्हतं. तरी सवयीनं वहाणा काढल्या, छडी खाली ठेवली.

दत्तू हुंदके देत म्हणाला, "बाबा, आता तारीख कोन देईन?"

काय सांगणार, कपाळ! जन्मभर या माणसानं माझा जीव खाल्ला, आणि त्या दिवशी मला त्यांचीच आठवण आली. मी वर चढलो, त्यांच्या जागी बसलो आणि विचारलं, "सांग बाप्पा, काय झालं?"