जावेचा व्यायामाचा कागद

"रुमॅटॉइड आर्थ्रायटिस," म्हापशाचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं आणि ते सुजवत राहतं. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि बोटांना काजूची बी सोलणं जमेनासं झालं होतं. पुढे काही वर्षांत दोन्ही गुडघे गेले.

थोरल्या जावेचेही गेले होते. तिचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे वयाने झालेली झीज. तिने गुडघे बदलून घेतले आणि दीड महिन्यात आमच्या गावचा, लाटंबार्सेचा चढ काठीशिवाय चढू लागली. ते पाहून मीही ऑपरेशन केलं.

आमच्या घरात काही वाया घालवत नाहीत. तिचा वॉकर मला मिळाला, व्यायामाचा कागदही. इस्पितळाने मला दिला तोही हुबेहूब तसाच छापील होता. आजार कुठला, हे विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. आजही त्याचा संताप येतो.

वॉकरवर भार दिला की मनगटं टरटरून सुजत. न्हाणीत जायचं तरी नवऱ्याने धरून न्यावं लागे. तो दाराशी उभा राही आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

बघायला येणाऱ्या बायकांसमोर जाऊ म्हणे, "सा आठवड्यांत माका चलूक येवक लागला. तुका कित्याक जमना नाय गे?" मी अंगचोर आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. हळूहळू मलाही ते पटू लागलं.

एक चूक माझीही. ऑपरेशनआधी थांबवलेल्या संधिवाताच्या गोळ्या मी पुन्हा घेतल्याच नाहीत. जावेला तसल्या गोळ्या नव्हत्या, मग मला कशाला, असं वाटलं.

तीन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी आधी माझे हात हातात घेतले. "गुडघे छान बसलेत. तुम्हाला अडवतायत ती मनगटं आणि घोटे. हा कागद तुमच्यासाठी नाहीच." मी तिथेच रडले, रागाने. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

गोळ्या सुरू झाल्या. कोपरं टेकता यावीत म्हणून नवऱ्याने वॉकरला फळ्या बसवल्या. तुम्ही गुडघे बदलणार असाल तर आपला आर्थ्रायटिस कुठला ते आधी विचारा, आणि दुसऱ्याच्या दिवसांवरून आपले दिवस कुणाला मोजू देऊ नका.

दोन महिन्यांनी मी एकटी न्हाणीत गेले.

"पडशीत गे, दार उघडा ठेव," जाऊ बाहेरून म्हणाली.

मी वाकड्या बोटांनी आतून कडी घातली.