कवळीवाल्यांची शपथ

कवळीवाले तेवीस वर्षं परक्या देशात कवळ्या करत होते. गुलाबी मेण, प्लास्टरचे साचे आणि घासायची मोटर, एवढ्यावर त्यांनी निम्म्या शहरातल्या म्हाताऱ्यांची तोंडं भरली होती. त्यांचे दात लावून लोक तिथलं राष्ट्रगीत म्हणत, पुढाऱ्यांना शिव्या देत आणि मतदानाला जात. कवळीवाल्यांना मात्र मत नव्हतं. नागरिकत्वाचा अर्ज टेबलाच्या खणात लोळत पडला होता.

बायको केव्हाच नागरिक झाली होती. निवडणूक आली की ठसक्यात विचारायची, "काय हो, तुमचं काय मत? अगंबाई, तुम्हाला नाहीच की!"

"आईला काय वाटेल?" हे त्यांचं ठेवणीतलं उत्तर.

शेवटी बायकोनंच सासूबाईंना फोन लावला आणि तो यांच्या कानाला चिकटवला.

"आई, मी इथला नागरिक होऊ का? तिकडचं नागरिकत्व जाईल."

"अजून झाला नाहीस?" आई म्हणाली. "मी तर दहा वर्षांपूर्वीच सगळ्यांना सांगून बसलेय. आता तोंडघशी पाडू नकोस. आणि माझं नाव नीट लिही. तुझ्या बापानं रेशनकार्डावर चुकवलं ते चुकवलंच."

तेवीस वर्षं जपलेली सबब दोन मिनिटांत गेली. कवळीवाल्यांना हायसं वाटलं, रागही आला. निदान एक हुंदका तरी द्यायचा!

मुलाखतीला समोर वयस्कर अधिकारी होते. बोलताना त्यांची वरची कवळी टकटक वाजत होती.

"नागरिक का व्हायचंय?"

पाठ केलेलं देशप्रेम ऐनवेळी आठवेना. "साहेब, इथल्या लोकांचे जबडे मला तोंडपाठ आहेत. त्यांना नीट चावता आलं नाही तर मला घास जात नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच लिहा. आणि तुमची वरची कवळी सैल आहे."

अधिकाऱ्यांनी तोंडावर हात धरला. "दुरुस्त होईल?"

"होईल. पण निकाल लागल्यावर या. आत्ता हात लावला तर लाच ठरेल."

चार महिन्यांनी शपथ झाली. पुढच्याच आठवड्यात अधिकारी येऊन कवळी बसवून घेऊन गेले.

राहिला जुना पासपोर्ट. वकिलातीतल्या मुलीनं तो रद्द करताना कात्रीनं त्याचा कोपरा कापला. बाहेर येऊन कवळीवाल्यांनी उगाच दोनदा नाक शिंकरलं. सोबत आलेल्या बायकोच्या जिभेवर टोमणा तयार होता, पण तिनं तो गिळला आणि बसमध्ये त्यांना खिडकीची जागा दिली.