काच बाहेर पडली होती

आज सकाळी कुणीतरी दगड मारून माझ्या गाडीची काच फोडली. सीटवरचे तुकडे वेचताना हात थांबला. बाहेरून फुटलेली काच आत पडते.

चांदवडच्या कांदा मार्केटात एका पुढाऱ्यावर झाडलेली गोळी हुकली अशी बातमी आली, तेव्हा मी वार्ताहर होतो. पोचलो तर त्याच्या गाडीची सीट स्वच्छ, आणि काचेचा सगळा चुरा बाहेर, कांद्याच्या टरफलांत चमकत होता. गोळी आतूनच सुटली होती. मी फोटो काढले. पोलिसांनी मात्र आदल्या दिवशी लिलावात पुढाऱ्याशी भांडलेल्या हमालाला उचललं. संपादक म्हणाले, "निवडणूक होऊ दे, मग बघू."

हमालाची बायको ऑफिसात आली. "भाऊ, काच बाहेर पडली व्हती, तुम्ही बी पाह्यलं. मग छापत का नाय?"

मी खुर्चीतून न उठता संपादकांच्या केबिनकडे बोट दाखवलं.

पुढारी निवडून आला, हमाल तुरुंगात गेला. त्या संपादकाला मी आजही शिव्या देतो. पण त्याने फक्त बातमी दाबली. निगेटिव्ह माझ्या कपाटात होत्या, आणि कोर्ट ऑफिससमोरच होतं.

अजून तिथेच आहेत, कपाटात.