बाईंची जीप पासिंगला जाते

दवाखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाकडं पेशंटचे किस्से असायला हवेत. माझ्याकडं साठलेत ते एका जीपचे! बदलापूरच्या दवाखान्यात मी नर्स होते. एवढी इंजेक्शनं दिली, एवढी बाळंतपणं केली, पण चार ओळखीची माणसं जमली की फर्माईश एकच, "सिस्टर, ते जीपचं सांगा ना!" आणि एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा. आधी काय झालं नि नंतर काय, माझाच गोंधळ उडतो. तरी जमेल तसं ओळीनं सांगते.

आमच्या डॉक्टर म्हणजे वसुधाबाई. शरीरानं काटकुळ्या, आवाजानं खणखणीत. साडीचा पदर कमरेला खोचून स्वतः जीप चालवायच्या. बारवीकडच्या डोंगरात जे पाडे आहेत, तिथं त्या दर आठवड्याला तपासायला जायच्या. जीप त्यांच्या वडिलांनी मिलिटरीच्या लिलावात घेतलेली, पेट्रोलवर चालणारी. दवाखान्यात आम्ही तिघंच. बाई, मी आणि कंपाउंडर शांताराम. शांतारामला सगळ्यातलं सगळं कळतं, असं शांतारामचं मत होतं.

नव्वद सालाच्या आसपास ही जीप एका चढावर धापा टाकत थांबली ती थांबलीच. इंजिन जाम! पावसाळा तोंडावर आलेला. पावसात त्या वाटेनं एसटीसुद्धा जायची नाही. जीप नाही तर बाई नाहीत, आणि बाई नाहीत तर पाड्यांवर औषधाची गोळी नाही, इतका साधा हिशेब होता. बाई चढावरच्या दगडावर बसून राहिल्या.

*

जीप ओढून नेली उल्हासनगरला, गोपसेठच्या गॅरेजात. गोपसेठ सिंधी गृहस्थ. समोरच्या कुणालाही आदरानं 'साईं' म्हणायचा. मराठी बोलायचा, पण त्यात हिंदी किती आणि सिंधी किती, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यानं बॉनेट उघडून आत पाहिलं आणि हात जोडले. "डॉक्टर साईं, हे इंजिन गेलं. आता रडायचं नाय. माझ्याकडे टेम्पोचं डिझेल इंजिन आहे, एकदम नवीन. टेम्पो झाडाला ठोकला, इंजिनला खरोंच नाय आली. ते बसवतो."

"जीपमध्ये टेम्पोचं इंजिन बसेल?" बाईंनी विचारलं.

"बसेल ना! नाय बसलं तर बसवेन!"

या दोन वाक्यांतला फरक आम्हाला पुढं कळला. इंजिन जीपपेक्षा उंच निघालं आणि बॉनेट लागेना. मग गोपसेठनं बॉनेटला भोक पाडलं आणि त्यावर एक लोखंडी घमेलं पालथं घालून वेल्डिंग केलं. वर हिरवा रंग मारला.

जीप पहिल्यांदा पाड्यावर गेली तेव्हा एक म्हातारी त्या घमेल्याजवळ बराच वेळ उभी होती. खालून गरम वाफ येत होती. शेवटी तिनं हळूच मला विचारलं, "बाय, यात काय शिजाया ठेवलंस?"

*

पण पाड्यावर जाण्याआधीचं एक राहिलंच बघा.

नव्या इंजिनाबरोबर गोपसेठनं मागच्या चाकांना फिरवणारा लोखंडी गोळाही बदलला होता. डिफरन्शियल म्हणतात त्याला. गाडी तयार झाल्याचा निरोप आला म्हणून बाई आणि मी उल्हासनगरला गेलो. बाई ऐटीत बसल्या, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. जीप मागं!

बाईंना वाटलं, चुकून रिव्हर्स पडला. त्यांनी दुसरा टाकला. जीप आणखी जोरात मागं! गॅरेजच्या मागच्या अंगाला एक फर्निचरचं दुकान होतं. बाहेर सोफे मांडलेले. गोपसेठ हात हलवत आमच्या समोरून पळतोय आणि ओरडतोय, "रिव्हर्स टाका साईं, रिव्हर्स! पुढे येईल!"

मागं चाललेल्या गाडीला कुणी रिव्हर्स टाकायला सांगितलं तर तुम्ही काय कराल? बाई गोंधळल्या आणि त्यांनी करकचून ब्रेक मारला. जीपची मागची बाजू एका नव्या सोफ्याला टेकून थांबली. मी मागंच बसले होते, माझा हात सोफ्याच्या हातावर.

दुकानदार शांतपणे बाहेर आला. आमच्याकडं पाहिलं, सोफ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, उतरून बघणार की गाडीतूनच?"

तो गोळा उलटा बसला होता म्हणे. त्यामुळं पुढचे सगळे गिअर मागं आणि मागचा तेवढा पुढं. गोपसेठनं तो काढून सरळ बसवला, पण चूक काही कबूल केली नाही. "एवढे रिव्हर्स गिअर फॉरेनच्या गाडीत पण नाय, साईं!"

*

आता चावीचा किस्सा.

ती पहिली फेरी गॅरेजातूनच सुरू झाली, वाटेत गाडी चालू ठेवूनच शांतारामला उचललं आणि थेट पाड्यावर. तिथं बाईंनी जीप उभी केली, चावी फिरवून काढली, पर्समध्ये टाकली आणि उतरल्या. जीप चालूच! धडधडधडधड.

बाईंनी पर्समधून चावी काढून पाहिली. चावी हातात, आणि गाडी चालू. पाड्यावरची माणसं चार पावलं मागं सरकली.

"शांताराम, बंद कर ती!" बाई ओरडल्या.

"बाई, चावी तुमच्याकडं आहे!"

"म्हणूनच म्हणतेय, बंद कर!"

शांतारामनं सगळी बटणं दाबून पाहिली. वायपर फिरले, हॉर्न वाजला, दिवे लागले. इंजिन आपलं चालूच. गिअरमध्ये टाकून झटक्यानं बंद पाडावी, असं बाईंच्या मनात आलं होतं. पण शांताराम म्हणाला, "आणि मग सुरूच झाली नाही तर? मागच्या वेळचा चढ आठवतोय ना?" तेही खरंच होतं. मग तशीच धडधडत ठेवली. बाई जीपपासून लांब, आंब्याखाली बसून पेशंट तपासायला लागल्या. तरी स्टेथोस्कोपमध्ये प्रत्येकाच्या छातीत डिझेल इंजिनच ऐकू यायचं!

परत येताना बदलापूरला थांबलोच नाही. अंबरनाथ ओलांडून थेट गोपसेठच्या दारात. त्यानं स्टिअरिंगखालचा एक काळा खटका बाहेर ओढला आणि इंजिन गप्प झालं. दिवसभराच्या धडधडीनंतर ती शांतता कानांना विचित्रच वाटली.

"डिझेल गाडी अशी बंद करायची, साईं."

"अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?" बाई तडकल्या.

गोपसेठला खरंच वाईट वाटलं. "तुम्ही चालू कशी करायची तेवढंच विचारलं होतं!"

*

हा छोटासाच आहे. बाईंनी शांतारामला डब्यात डिझेल आणायला पाठवलं. गडी तासाभरानं रिकामा डबा घेऊन परत.

झालं असं, की पंपावरच्या माणसानं विचारलं, "पेट्रोल की डिझेल?" आणि शांतारामला अक्कल पाजळायची हुक्की आली. तो म्हणाला, "तसं इंजिन डिझेलचं आहे, पण कागदावर अजून पेट्रोल आहे."

पंपावरचा माणूस म्हणाला, "मग ठरवून या. इंजिनात टाकायचंय की कागदात?"

*

कागदाचा तो घोळ मात्र खराच होता. इंजिन बदललं की गाडी पुन्हा पासिंगला न्यावी लागते. पासिंग झालं नाही तर पुढं जीप रस्त्यावर काढता येणार नव्हती, म्हणजे पाड्यांवरच्या फेऱ्या बंद. अंबरनाथला पासिंगचा कॅम्प लागायचा, तिथं आम्ही गेलो. बाई कधी नव्हे त्या घाबरलेल्या. ऑपरेशनला सुद्धा त्यांचा हात हलायचा नाही, पण तिथं पदराशी चाळा चालला होता.

मोटार इन्स्पेक्टर खाकी कपड्यातले, पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली. मिलिटरीची बॉडी पाहिली, टेम्पोचं इंजिन पाहिलं, घमेल्यावर बोटानं टकटक करून पाहिलं. मग चष्मा काढून पुसला.

"बाई, ही गाडी नक्की कुठली?"

बाई चटकन म्हणाल्या, "बदलापूरची!"

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. इंजिनाची कागदपत्रं आणि धुराचं सर्टिफिकेट घेऊन पुढच्या कॅम्पला यायला सांगितलं. माणूस सरळ होता. रागावला नाही, पण सोडलंही नाही.

*

तेव्हा ते पीयूसी नवीन निघालं होतं. गाडीच्या नळीत मशीनची नळी घालून धूर मोजायचा. आमच्या जीपचा धूर मोजायला मशीन लागतच नव्हतं, लांबूनही दिसायचा. ॲक्सिलरेटर दाबला की काळाकुट्ट लोट! पीयूसीवाल्यानं आकडा पाहिला, मग मशीनच बिघडलं असेल म्हणून ते हलवून पाहिलं, पुन्हा आकडा पाहिला आणि म्हणाला, "हिला घेऊन जा."

गोपसेठची इज्जत पणाला लागली. त्यानं नोझल साफ केले, डिझेलचा पंप सेट केला, फिल्टर बदलला. गॅरेजात धूर बेताचा यायचा. बाई जीप घरी आणायच्या आणि दोन दिवसांत पुन्हा काळे लोट! तो पुन्हा सगळं उघडायचा. गॅरेजात बरी आणि बदलापुरात आजारी. असं कसं? गोपसेठ जेवेनासा झाला. शांताराम म्हणाला, बदलापूरची हवा मानवत नसेल.

शेवटी गोपसेठ स्वतः बदलापूरला आला. दवाखान्याच्या दारातच त्यानं बॉनेट उघडलं आणि बघतच राहिला. इंजिन जिथून हवा ओढतं, त्या तोंडावर कुणीतरी पांढरं फडकं घट्ट बांधलं होतं.

"हे काय आहे?"

"गॉज," बाई म्हणाल्या. "निर्जंतुक आहे, घड्या घालून बांधलंय. पाड्याच्या रस्त्याला केवढी धूळ असते! माणसाची फुफ्फुसं खराब होतात, मग इंजिनाची नाही होणार?"

"आणि गॅरेजात आणताना?"

"तेव्हा काढून ठेवते. तुमच्या ग्रीसनं खराब होतं ना ते!"

गोपसेठ पायरीवर बसला. मी त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "डॉक्टर साईं, पेशंटच्या तोंडावर उशी दाबून ठेवता, आणि मला विचारता हा काळा का पडला?"

गॉज सुटलं आणि धूरही गेला. पीयूसीवाल्यानं पुन्हा मशीन हलवून पाहिलं, पण सर्टिफिकेट दिलं.

*

आता पुढच्या कॅम्पचा दिवस. पासिंग त्याच दिवशी झालं, रीतसर सगळं तपासून झालं, हे आधीच सांगून टाकते. पण ते व्हायला अख्खा दिवस गेला, तो असा.

सकाळी इन्स्पेक्टरसाहेबांनी गोपसेठनं दिलेली इंजिनाची कागदपत्रं आणि धुराचं सर्टिफिकेट पाहिलं आणि म्हणाले, "चालवून बघतो." ते स्टिअरिंगवर, बाजूला बाई, मागं मी. चिखलोली ओलांडून बदलापूरच्या अंगाला आलो, तर समोरून पाच-सहा माणसं झोळी घेऊन पळत येताना दिसली. बारवीकडच्या पाड्यावरचीच होती. झोळीत एक अडलेली बाळंतीण. बाईंकडंच निघालेले, दवाखान्यात शांतारामकडून त्यांना कळलं होतं बाई अंबरनाथला आहेत म्हणून. बाईंची जीप त्यांनी ओळखली आणि रस्त्यातच आडवे झाले.

बाईंनी पोरीची नाडी धरली. "साहेब, गाडी दवाखान्याकडं घ्या."

"बाई, मी टेस्ट..."

"हीच टेस्ट! घ्या!"

पोरगी, तिचा नवरा आणि सासू जीपमध्ये चढले, बाकीचे रस्त्यावर राहिले. साहेबांनी जीप अशी पिटाळली की विचारू नका. त्या घाईतही त्यांची नजर आरशात होती, मागं धूर येतोय का!

दवाखान्यात पोहोचलो. साहेब टोपी घालून निघणार, एवढ्यात बाई आतून ओरडल्या, "साहेब, सलाईन संपलंय, अंबरनाथहून घेऊन या!" शांतारामला गाडीतलं सगळं कळायचं, फक्त चालवता येत नव्हती. साहेब गेले, घेऊन आले. पुन्हा निघणार, तर बाई, "थांबा, कदाचित हिला मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागेल." साहेब बाकावर बसले. दुपार गेली. पोरीचा आवाज बसत चालला, बाईंच्या कपाळावर घाम, आणि बाहेर साहेब टोपी हातात फिरवत येरझाऱ्या घालतायत. दर थोड्या वेळानं दारातून मला विचारायचे, "सिस्टर, काय झालं?"

उन्हं उतरताना मुलगी झाली. जरा वेळानं रडली, आणि आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. साहेबांनी डोळे पुसले, खिशातून पेन काढलं, जीपचे ब्रेक, दिवे, धूर, सगळं पुन्हा एकदा नीट तपासलं आणि मगच सही केली. बाई म्हणाल्या, "चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही." साहेब पुन्हा बाकावर बसले.

तेवढ्यात अंगणात ही गर्दी! पाड्यावरची बायामाणसं सगळी लोटलेली. सगळ्यांपुढं सोमा म्हातारा, त्या पाड्याचा जाणता माणूस. त्याच्या दोन्ही हातांत पायांनी बांधलेल्या कोंबड्या, मागच्यांच्या डोक्यावर तांदळाची गाठोडी. रस्त्यावर राहिलेल्या माणसांनी पाड्यात जाऊन सांगितलं होतं, बाईला खाकीवाल्यानं धरली, तिची जीपसुद्धा तोच चालवत होता!

सोमानं कोंबड्या साहेबांच्या पायाशी ठेवल्या आणि हात जोडले.

"साहेब, बाईचा काय गुन्हा झाला ते आम्हाला ठावं नाय. ह्या घे, पन आमच्या बाईला सोड."

साहेबांचा चहाचा कप हातातच राहिला. "अहो आजोबा, मी कशाला बाईंना धरू? सकाळपासून बाईंनीच मला धरून ठेवलंय!"

सोमानं साहेबांकडं नीट पाहिलं. मग बाईंकडं पाहिलं. थोडा विचार केला. खाली वाकून कोंबड्या उचलल्या, बाईंच्या पायाशी नेऊन ठेवल्या आणि म्हणाला,

"बाय, सोड त्याला."