कात्री, तिचा दादा आणि बाईसाहेबांची अंडी

आमच्या गल्लीच्या टोकाला शिवणाचं दुकान चालवणाऱ्या बाईला सगळे कात्री म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर म्हणायची छाती एकट्या माझी, आणि तीही मी दारातच उभा असलो तर, म्हणजे पळायला बरं. हातातल्या हत्यारावरून हे नाव पडलं असं तिला वाटतं. ते जिभेवरून पडलंय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

एकदा एक भारदस्त गृहस्थ तिच्याकडे पँट घेऊन आले. शिवताना कंबर आवळ शिवलीस म्हणून हुज्जत घालायला लागले. कात्रीनं टेप आधी पँटभोवती फिरवली, मग गृहस्थांभोवती. म्हणाली, "कापडानं जागा सोडलेली नाही. सोडलीय ती तुम्ही." गृहस्थ पुन्हा आले नाहीत, पण त्यांची बायको मात्र तेव्हापासून सगळे कपडे हिच्याकडेच टाकते. लग्न का नाही केलं, असं विचारणाऱ्या भोचक बायकांना तिचं ठरलेलं उत्तर आहे, मापात बसला नाही कुणी.

हे झालं हसण्यापुरतं. तिच्या रागाची मुळं खोल आहेत आणि त्यांना पाणी घालणारा माणूस घरातच आहे. तो म्हणजे तिचा थोरला भाऊ, दादा. वडील गेले तेव्हा ही कोवळी पोर मशीनवर बसली, ती अजून उठलेली नाही. तिच्या पायडलवर दादा शिकला, कचेरीत खुर्ची मिळवली, लग्न केलं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं होतं, एकदा भांडून मोकळं होता आलं असतं. दादाचा रोग वेगळा. त्याला बाहेरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. बाहेर सगळ्यांना हो म्हणायचं, आणि ते हो निभवायचं घरातल्या बायकांनी. निवृत्त झाला तरी कचेरीतल्या जुन्या साहेबाचा फोन आला की हा उभा राहून बोलतो. मी शेजारीच राहतो, स्वतः पाहिलंय. अंघोळीहून आलेला, कमरेला टॉवेल, आणि फोनवर ताठ उभा.

अशा घरात कात्रीची जिवाभावाची म्हणावी अशी एकच होती, एक कोंबडी. तांबूस, मानेवर काळी झाक, आणि चाल अशी की जणू सगळं अंगण हिच्या नावावर आहे. तिला बाईसाहेब म्हणत. कात्री संध्याकाळी दुकान बंद करून आली की बाईसाहेब फाटकापर्यंत सामोऱ्या यायच्या. त्या घरात कात्रीला सामोरं येणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मी सांगायला नको. जुन्या मशीनचं लाकडी झाकण मोरीमागच्या कोपऱ्यात उलटं ठेवून, त्यात चिंध्या अंथरून कात्रीनं तिला अंड्यांवर बसवलं होतं. बाईसाहेबांचं वय झालं होतं, ही बहुधा शेवटचीच खेप. निम्मे दिवस भरत आले होते. कात्री रोज मला त्याची बातमी द्यायची, एरवी जी बाई हवा बरी आहे म्हटलं तरी अंगावर येते ती.

आणि एक दिवस साहेब आले. न कळवता, जेवणाच्या वेळेला. साहेबांनी सहज म्हटलं, बऱ्याच दिवसांत गावरान कोंबडी खाल्ली नाही. खाटकाचं दुकान त्या दिवशी बंद होतं. बंद होतं तर बंद होतं, असं म्हणणारा माणूस वेगळ्या मातीचा असतो. दादा मागच्या कोपऱ्यात गेला. अंड्यांवरचं पाखरू उठून पळत नाही, त्यामुळे त्याला धावाधावही करावी लागली नाही.

कात्री शाळेचे गणवेश पोचवायला गेली होती. दुपारी उशिरा आली, भुकेजलेली. साहेब तोवर ढेकर देऊन गेले होते. वहिनीनं तिला ताट वाढलं. कात्री जेवली. रस्सा बरा झालाय म्हणाली, आणि तिच्या तोंडून बरा म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून अमृत. मग आणखी वाढ म्हणाली. वहिनीचा डाव पातेल्यातून वर आला आणि हवेतच थांबला. खाली येईना. कात्रीनं डावाकडे पाहिलं, वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं. उठली आणि मागच्या कोपऱ्यात गेली.

ती ओरडली असती तर मला माझ्या ओट्यावर ऐकू आलं असतं.  नंतर मोरीत ओकल्याचा आवाज तेवढा आला.

त्या दिवसापासून अबोला. दादाशी पूर्ण, आणि वहिनीला ताकीद की इकडचा शब्द तिकडे नेलास तर तुझ्याशीही बंद. दादाचाही ताठा कमी नाही. चूक झालीय हे कळत होतं, पण बायकोमार्फत माफी मागायला मी काय लहान आहे, म्हणे. त्यानंही वहिनीला बजावलं, तू मध्ये पडू नकोस. मग कात्री भिंतीशी बोलायची आणि दादा माझ्याशी. दोघांमध्ये नशीबवान कोण ते तुम्ही ठरवा.

त्या दुपारी अंडी मात्र अजून कोमट होती. सात होती. कात्रीनं ती ओच्यात घेतली आणि मासळीवालीकडून थर्मोकोलचा खोका आणला. त्यात पिवळा बल्ब लावला, पंख्याचा जुना रेग्युलेटर जोडून त्याची धग कमीजास्त करायची सोय केली, शोभेचे मासे विकणाऱ्याकडून थर्मामीटर आणला. खोक्यात दमटपणा हवा म्हणून पाण्याची वाटी ठेवली. शिवणाच्या खडूनं प्रत्येक अंड्यावर एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढला, म्हणजे फिरवताना चुकायला नको. सकाळी दुकानाला जाण्याआधी फिरवायची, जेवायला आली की फिरवायची, संध्याकाळी आल्यावर फिरवायची. आतल्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या फळीवर हा संसार. बाईसाहेबांचं एक तरी पिल्लू जगवीन, असं तिनं भिंतीला सांगितलं, आणि ते भिंतीपलीकडच्या दादाला नीट ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं.

खोलीचं दार लावून, अंधारात टॉर्चच्या उजेडावर ती अंडी धरायची. दोन कोरी निघाली, ती काढून टाकली. बाकीच्या पाचांत लाल धाग्यांचं जाळं दिसत होतं आणि मधोमध काहीतरी हलत होतं. तिनं मला दाखवलं. मी पुन्हा दाखव म्हणालो.

फक्त एका गोष्टीनं ती अस्वस्थ होती. अंड्याच्या जाड टोकाला हवेची पोकळी असते. दिवस जातील तशी ती वाढायला हवी, कारण आतलं पाणी थोडं थोडं उडून जातं. यांची पोकळी वाढत नव्हती. खोक्यात ओल जास्त झालीय, असं तिनं ताडलं. वाटीतलं पाणी निम्मं केलं. तरी फरक पडेना. आणखी कमी केलं. तरी नाहीच. हवेला शिव्या घातल्या, थर्मामीटरला घातल्या, मासे विकणाऱ्याला तर दुकानात जाऊन घातल्या.

मग तो रविवार आला. आदल्या संध्याकाळी एका अंड्याला बारीक तडा गेला होता, आतून चिवचिवही ऐकू आली होती. सकाळी मी गेलो तर कात्री खोक्यापुढे मांडी घालून बसलेली, चेहरा असा की मी चहा मागितला नाही. तडा होता तेवढाच होता. चिवचिव मंदावली होती. बाकीची चार अंडी तिनं एकेक करून कानाला लावली. मग एक फोडलं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, पिसं, नखं, सगळं जागच्या जागी. फुगलेलं, चिकट पाण्यात बुडून मेलेलं.

तिनं खोक्याचं झाकण उलटं केलं. आतून थेंब गळत होते. वाटी काठोकाठ भरलेली. आणि कोपऱ्यात एक ओला स्पंज, जो तिनं कधी ठेवलाच नव्हता.

"भिंतीला विचारते," ती हळू म्हणाली, "हे पाणी कुणी घातलं?"

दादा दारात उभा होता. तोंडाचा रंग उडालेला.  उत्तर दिलं वहिनीनं. इतक्या वर्षांत त्या बाईचा आवाज मी स्वयंपाकघराबाहेर ऐकला नव्हता. ती आत आली आणि हातातलं फडकं तिनं जमिनीवर आपटलं.

"मी सांगते वन्सं. सकाळी तुम्ही पाणी कमी करायचात. तुम्ही गेलात की हे वाटी बघायचे, बिचारी विसरली म्हणून भरायचे, आणि तुम्हाला कळू नये म्हणून तुम्ही यायच्या आत पुन्हा उपसून ठेवायचे. तुम्ही पुन्हा कमी करायचात, हे पुन्हा भरायचे. स्पंजही यांचाच, काल रात्री तडा बघून ठेवलेला, भरलेल्या वाटीसकट काढायचा राहिला. मी बघत होते. तोंड उघडू नकोस म्हणालात ना दोघं? नाही उघडलं. दोघांनी मिळून बुडवलीत पिल्लं. आता एकेक फोडून बघा." मग दादाकडे वळून, "आणि तुम्ही. कोंबडी कापताना मी हात धरला होता तुमचा. साहेबांना ऐकू जाईल, गप्प बस, म्हणालात. आयुष्यभर गप्पच बसवलंत." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. भांडी अशी वाजली की गल्लीतले रविवारचे झोपाळू जागे झाले.

खोलीत आम्ही तिघं आणि तडा गेलेलं ते एक अंडं. आतून एकदा चिव ऐकू आलं, कागद फाटल्यासारखं. कात्रीनं अंडं कोमट ओल्या कापडात गुंडाळलं. कपाटापाशी उजेड कमी. माझे हात थरथरतात, हे तिला माहीत.

"टॉर्च धर," ती म्हणाली.

दादानं मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतेय ते.

"तुलाच सांगतेय. आणि हात हलला तर मनगट मोडून ठेवीन."

अबोला सुटायची ही तऱ्हा. धागे ओढायचा बारीक चिमटा घेऊन तिनं तड्याभोवतीची टरफलाची कपची काढली. चोच दिसली, डिंकासारख्या चिकट्यानं बंद झालेली. कापसाची वात ओली करून तिनं चोच पुसली, नाकाची भोकं मोकळी केली. पिल्लानं तोंड उघडलं, मिटलं. आणखी एक कपची काढली तशी पातळ पापुद्र्यावर रक्ताची रेघ उमटली. कात्रीनं हात मागे घेतला.

"काढून टाक ना सगळं," दादा म्हणाला. "गुदमरतंय ते."

"घाई. साहेब आले की घाई, आता यालाही घाई. रक्त अजून त्यानं आत ओढून घेतलेलं नाही. आत्ता सोललं तर माझ्या हातात मरेल. थांबायला शिक."

मग ते थांबले. खोक्याच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, मध्ये बल्बखाली ते अंडं, झाकण थोडं किलकिलं. उठून जायची सोय दोघांनाही नव्हती. ती सगळी दुपार कात्रीनं दादाला ऐकवलं. आवाज चढवला नाही. वडील गेल्या दिवसापासून सुरुवात केली. तिची शाळा सुटली तेव्हा तो एका अक्षरानं बोलला नव्हता तिथपासून, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर हिचं बरं चाललंय म्हणून तो विषय कसा संपवायचा तिथपर्यंत, आणि शेवटी त्या ताटापर्यंत. मला आणखी वाढ म्हणायला लावलंस, तो घास अजून घशातून उतरत नाही, म्हणाली. मी उठून जायला हवं होतं. एवढी कथा अर्ध्यात सोडून जाईन असा मी नाही.

"चुकलो," दादा शेवटी म्हणाला.

"टाका चुकला तर उसवता येतो. हे उसवता येत नाही. टॉर्च धर."

दुपार कलताना पापुद्र्यावरच्या रक्ताच्या रेघा फिकटल्या. तिनं पुन्हा चिमटा घेतला. थोडं टरफल ती काढायची, मग पिल्लाला ढकलू द्यायची, मग पुन्हा थोडं. सगळं तिनं काढलं नाही. शेवटचं जोर लावणं तिनं त्याच्यावरच सोडलं. आणि ते एकदाचं बाहेर पडलं, ओलं, कुरूप, मानेवर काळी झाक. पाय मात्र दोन दिशांना पसरलेले, कंपास उघडावा तसे. उभं राहायला गेलं की पोटावर आपटायचं.

गणवेशाच्या अस्तराची मऊ पट्टी तिनं कातरली, दोन्ही पायांना सैल फासे घातले आणि मध्ये अंतर राखून बांधलं, पावलं पोटाखाली राहतील असं. खाली खडबडीत कापड अंथरलं, घसरू नये म्हणून. माप घ्यावं लागलं नाही. दादा विचारत होता, चालेल का हे. चालेल नाहीतर मी चालवीन, ती म्हणाली. बाकीची तीन अंडी तिनं त्यालाच फोडायला लावली, एकेक, माझ्यादेखत. तिन्हींतून तेच निघालं. त्यानं ती बाईसाहेबांच्या त्या लाकडी झाकणात ठेवली आणि मागच्या कोपऱ्यात खड्डा खणला.

पट्टी सुटली तेव्हा पिल्लू चालायला लागलं, डावा पाय जरा फेकत. आता त्याची चांगली तलंग झालीय, अंड्यावर येऊ घातलेली. अबोला संपला म्हणून राग संपला असं कुणी समजू नये. उलट पूर्वी तो भिंतीला मिळायचा, आता दादाला थेट मिळतो, सकाळच्या चहाबरोबर. आणि वहिनीही आता दोघांना ऐकवते. घरात शांतता म्हणून उरली नाही.

परवा साहेब पुन्हा आले. मी अर्थातच तिथे होतो. रविवार म्हणून कात्री घरीच, घरच्या जुन्या मशीनवर. तलंग पाय फेकत खोलीतून गेली. साहेबांनी चष्मा सारखा केला, म्हणाले, छान भरलीय, लंगडी असली तरी चव बिघडत नाही. कधी काढताय?

दादा उठून उभा राहिला. जुनी सवय, मला वाटलं.

"साहेब," तो म्हणाला, "चहा झाला असेल तर या आता."

साहेबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी चपला घातल्या, त्याही उलटसुलट.  दादा जवळच्या स्टुलावर बसला आणि बहिणीकडे पाहू लागला, शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरानं पाहावं तसा. कात्रीचं पायडल थांबलं नव्हतं. शिवण टोकाला गेली, तिनं धागा दातानं तोडला.

"एवढंच तेव्हा बोलला असतास," ती म्हणाली, "तर हिची आई असती."

आणि पुढचं कापड सुईखाली सरकवलं.